दैवी आपत्ती आणि मानवी वचन

कायद्याच्या परिभाषेत 'ईश्वरी कृत्य' असा एक शब्दप्रयोग आहे. इंग्रजी न्यायासनाने तो रूढ केला, आपल्या न्यायालयांनी तो स्वीकारला, आणि नुकसानभरपाईच्या दाव्यांत तो वकिलांच्या तोंडी आजही सहज येतो. भूकंप, महापूर, झंझावात, विद्युत्पात यांनी जी हानी होते तिचा दोष मनुष्याच्या माथी मारता येत नाही, असा त्याचा सामान्य अर्थ. श्रद्धावान मनुष्यास हा शब्दप्रयोग प्रथमदर्शनी मोठा समाधानकारक वाटतो. ज्या गोष्टी आपल्या हाती नाहीत त्या देवाच्या हाती आहेत, हे निदान कायद्याने तरी मान्य केले, असे त्यास वाटते.

परंतु थोडे खोल गेले म्हणजे असे दिसते की, कायदा देवाचे नाव इतक्या स्वस्तात घेऊ देत नाही. १८७६ साली इंग्लंडात 'न्यूजंट विरुद्ध स्मिथ' हा खटला चालला. लंडनहून अॅबर्डीनला जहाजाने पाठवलेली एक घोडी वाटेत खवळलेल्या समुद्रामुळे आणि भीतीपोटी केलेल्या स्वतःच्या धडपडीमुळे जखमी होऊन मेली. वाहतूक करणारा जबाबदार नाही, असा निर्णय अखेर झाला; पण तो देण्यापूर्वी न्यायाधीशांनी एक प्रश्न आवर्जून विचारला. मनुष्याने वाजवी काळजी घेऊनही ही हानी टळली नसती काय? म्हणजे 'हे देवाने केले' असे म्हणण्याचा अधिकार मनुष्यास केव्हा प्राप्त होतो, तर आपल्या हातांनी करण्यासारखे होते ते केल्यावर. त्यापूर्वी नव्हे. या न्यायतत्त्वात कायद्यापेक्षा धर्मच अधिक आहे, असे आमचे नम्र मत आहे, आणि प्रस्तुत लेखाचा आरंभ आम्ही म्हणूनच येथून केला.

वादळापूर्वी घराची तयारी करणे, घराचा विमा उतरवणे, आणि घर मोडल्यावर त्या विम्याचा पैसा मागणे, या गोष्टी केवळ व्यवहाराच्या समजल्या जातात. देवळाच्या सभामंडपात त्यांची चर्चा कोणी करीत नाही. उलट, काही सत्प्रवृत्त मंडळींच्या मनात अशी एक शंका वसत असते की, ज्याचा देवावर भरवसा आहे त्याने कागदाच्या तुकड्यावर भरवसा का ठेवावा? विमा उतरवणे म्हणजे देवाच्या रक्षणावर अविश्वास दाखवणे नव्हे काय? शंका प्रामाणिक आहे, म्हणून तिची टर उडवणे योग्य होणार नाही. तिचे उत्तर मात्र दिले पाहिजे.

आपल्या शास्त्रकारांना धोक्याचा हिशेब अपरिचित नव्हता. याज्ञवल्क्यस्मृतीत ऋणाच्या प्रकरणी असे सांगितले आहे की, अरण्यातून व्यापार करणाऱ्याने दरमहा शेकडा दहा आणि समुद्रावरून जाणाऱ्याने दरमहा शेकडा वीस वृद्धी द्यावी. सामान्य ऋणाच्या मानाने हे दर जबर आहेत. आणि कारण उघड आहे. तारू बुडाले तर सावकाराचे धनही त्याबरोबर जाण्याचा संभव असे. ज्याच्या कार्यात संकट अधिक त्याने त्या संकटाचे मोल अधिक द्यावे, हा जो विमाशास्त्राचा पाया तो स्मृतिकारांच्या दृष्टीस आलेला होता. भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात येणारा 'योगक्षेम' हा शब्द तर आजच्या विमाव्यवहारानेच आपलासा केला आहे. १९५६ साली स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाच्या मुंबईतील मुख्य कचेरीच्या वास्तूचे नावच 'योगक्षेम' आहे. जे नाही ते मिळवणे हा योग, आणि जे आहे ते राखणे हा क्षेम. राखण्याचा भार देव वाहतो हे खरे. पण तो कोणाच्या हातांनी वाहतो, हा प्रश्न उरतोच. आमच्या मते तो बहुधा मनुष्यांच्याच हातांनी वाहतो. विमा म्हणजे हजारो अपरिचित माणसांनी थोडे थोडे टाकून भरलेली एक सामाईक पेटी. त्यांपैकी कोणाचे छप्पर यंदा उडेल हे कोणासच ठाऊक नसते. ज्याचे उडेल त्याला ती पेटी उघडून द्यावयाची, एवढे मात्र सर्वांनी एकमेकांस आगाऊ सांगितलेले असते. हा व्यवहार आहे खराच, पण त्याच्या मुळाशी एक वचन आहे. वचन देण्याने किंवा घेण्याने भक्तीस बाध येतो, असे कोणत्याही शास्त्रात सांगितल्याचे आम्हांस माहीत नाही.

आता आमच्या प्रदेशाकडे वळू. लोधीखेडा हे गाव या नियतकालिकाच्या गोमंतकीय व मुंबईकर वाचकांपैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. नागपूर आणि छिंदवाडा यांच्या दरम्यान, सौंसर तहसिलीतील हे एक लहानसे गाव. १९५६ सालच्या १ नोव्हेंबरपूर्वी नागपूर ही आमचीच राजधानी होती. त्या दिवशी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि आम्ही मराठी बोलणारी माणसे मध्यप्रदेशात राहिलो. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. कागदोपत्री एवढे फेरफार झाले तरी गावची भाषा बदलली नाही, संत्र्याच्या बागा हलल्या नाहीत, आणि आकाशही तेच राहिले.

समुद्र येथून शेकडो कोस दूर. 'चक्रीवादळ' हा शब्द आम्ही वर्तमानपत्रातच वाचतो. आमचे वादळ निराळे आहे. माघ-फाल्गुनात वायव्येकडून सरकणारी थंड हवा आणि बंगालच्या उपसागराकडून येणारी दमट हवा मध्यभारतावर एकत्र येतात, ढग उंच उंच चढत जातात, आणि दुपारच्या उन्हात वाळत घातलेले धान्य गोळा करण्यासही अवधी न देता गारांचा मारा सुरू होतो. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्र व मध्यप्रदेश यांच्या फार मोठ्या भागात जी गारपीट झाली तिची आठवण शेतकऱ्यांच्या मनातून अद्याप गेलेली नाही. त्या दिवसांत संत्र्याच्या बागांत मृग बहाराची फळे तोडणीला आलेली असतात आणि अंबिया बहाराची फुले व बारीक फळे नुकती धरलेली असतात; म्हणजे एकच गारपीट हाती आलेले पीकही नेते आणि पुढच्या पिकाची आशाही. घरांचे म्हणाल तर कवेलू फुटतात, टिनाची पत्रे वाऱ्याने उखडून शेजाऱ्याच्या अंगणात पडतात, आणि मागोमाग आलेल्या पावसाने मातीच्या भिंती खालून खचतात.

या भागात जामसावळीचे हनुमंताचे स्थान प्रसिद्ध आहे. मारुतीची मूर्ती बहुधा उभी असते. येथे ती पिंपळाखाली निजलेली आहे. आकाश काळवंडले म्हणजे सौंसर-लोधीखेड्याच्या घराघरांत त्याचे स्मरण होते, आणि ते स्वाभाविकच आहे, कारण तो वायूचा पुत्र. पण पुराणांत हा वायुपुत्र केवळ स्मरणाने संतुष्ट होणारा देव म्हणून वर्णिलेला नाही. तो कार्यतत्पर सेवक आहे. समुद्र ओलांडण्यापूर्वी त्यास स्वतःच्या शक्तीचा विसर पडला होता आणि जांबवंताला तिची आठवण करून द्यावी लागली, ही कथा सर्वांस विदित आहे. वादळाच्या बाबतीत आपण वाचक बहुधा त्याच विस्मृतीत असतो, असे आम्हांस वाटते. आपल्या हाती पुष्कळ आहे. त्याची आठवण तेवढी नसते.

शेताच्या विम्याची ओळख आमच्या शेतकऱ्यांस आता झाली आहे. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री फसल विमा योजनेत गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची हानी ७२ तासांच्या आत कळवावी लागते, हे पुष्कळांस तोंडपाठ आहे. परंतु ज्या घरात बसून तो कागद भरावयाचा त्या घराचाही विमा असतो, हे फार थोड्यांस ठाऊक असते. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' या नावाचे एक सर्वसामान्य विमापत्र सर्व साधारण विमा कंपन्यांना देणे बंधनकारक केले. आग, भूकंप, वादळ, चक्रीवादळ, पूर, दरड कोसळणे इत्यादी संकटे त्यात एकत्र येतात. ज्याला दाव्यांच्या कायद्यात 'ईश्वरी कृत्य' म्हणून भरपाईतून वगळतात, तेच येथे नाव घेऊन भरपाईत घातलेले असते. म्हणून 'वादळ देवाचे, त्याचे पैसे कंपनी देत नाही' हा जो समज कानी येतो तो निराधार आहे. घराची किंमत बाजारभावाने न धरता पुन्हा बांधावयास किती खर्च येईल त्यावरून धरतात, आणि घरातील सामानास घराच्या रकमेच्या शेकडा वीसपर्यंत, पण दहा लाख रुपयांच्या मर्यादेत, आपोआप संरक्षण मिळते. आमच्याकडील वाचकांनी विमापत्र घेताना गारेच्या माराविषयी त्यात काय म्हटले आहे हे विचारून घ्यावे, आणि भिंती मातीच्या असतील तर प्रस्तावात तसे स्पष्ट लिहावे.

येथवरचा भाग सोपा आहे. पुढचा कठीण आहे, आणि आमच्या लेखाचा खरा विषय तोच.

काही वर्षांपूर्वी एक अशील आमच्याकडे आले. वय साठीचे, वारकरी, गावात शब्दाला मान. वादळात त्यांच्या घराचे अर्धे छप्पर गेले होते, आणि विमापत्र होते. दाव्याचा मसुदा करताना त्यांनी माजघराच्या भिंतीस गेलेली भेगही लिहावयास सांगितली. भेग वादळातली आहे काय, असे आम्ही विचारले. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, भेग तीन वर्षांची आहे, तुमच्यापाशी खोटे कशाला बोलू? पण दहा सांगितले तर ते सातच देतील. मग तेरा सांगितले तर कोणाचे काय जाते?"

"भाऊ, भेग लिहायची नाही," एवढेच आम्ही म्हणालो. त्यांनी ती लिहिली नाही. पण त्यांचा प्रश्न आम्ही टाकून देऊ शकलो नाही, कारण तो लोभी मनुष्याचा प्रश्न नव्हता. लोभी मनुष्य 'मला अधिक मिळावे' असे म्हणतो. हे गृहस्थ म्हणत होते की, माझे जे आहे तेवढेच मला मिळावे, आणि खरे बोलून ते मिळत नाही. हा युक्तिवाद दुबळा नाही. कंपनीचा सर्व्हेअर असे गृहीत धरतो की दावेदार फुगवून सांगतो, म्हणून तो कापतो. दावेदार असे गृहीत धरतो की सर्व्हेअर कापणार, म्हणून तो फुगवतो. दोघेही एकमेकांच्या असत्याची आगाऊ वजावट करून ठेवतात, आणि या हिशेबात एकच मनुष्य हमखास बुडतो. तो म्हणजे खरे सांगणारा. ज्या व्यवहारात सत्यवादी मनुष्यच तेवढा नुकसानीत येतो, तो व्यवहार वरकरणी कितीही कायदेशीर असो, त्यातून धर्म निघून गेलेला आहे, असे म्हटले पाहिजे.

'कोणाचे काय जाते' या प्रश्नाचे उत्तर एका अर्थी सोपे आहे. ती पेटी सामाईक आहे. तीन अधिक घेतले तर ते तीन कोठल्या तरी अज्ञात गृहस्थाच्या हप्त्यातून येतात, आणि पुढल्या वर्षी सर्वांचा हप्ता वाढतो. परंतु हे उत्तर पुरेसे नाही, कारण कंपनीही नफ्यासाठी बसलेली आहे, हे अशिलास दिसते. खरे उत्तर असे की, त्या तिनांबरोबर दहांचाही विश्वास जातो. विमापत्रात बहुधा अशी अट असते की, दाव्यात लबाडी आढळली तर सर्व लाभ गमवावा लागेल. भिंतीची भेग जुनी आहे हे एकदा उघडकीस आले की, उडालेल्या छपराच्या खऱ्या दाव्यावरही संशयाची सावली पडते.

विलायतेतील एका खटल्यात हाच प्रश्न फार सूक्ष्म रूपाने उपस्थित झाला होता. २०१० साली एका मालवाहू जहाजाच्या इंजिनघरात पाणी शिरले. नुकसान खरे होते, दावाही खरा होता. पण तो लवकर निकाली निघावा म्हणून मालकांच्या वतीने धोक्याच्या घंटेविषयी एक असत्य कथन करण्यात आले, ज्याची वस्तुतः गरजच नव्हती. खालच्या न्यायालयांनी सबंध दावा फेटाळला. २०१६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने निर्णय फिरवला. ज्या असत्याने दाव्याच्या खरेपणात काही फरक पडत नाही, त्यापायी सगळी भरपाई बुडवणे योग्य नाही, असा त्याचा आशय. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय मानवी आहे. परंतु जे कायदा क्षमा करतो ते मनही क्षमा करतेच असे नाही. अश्वत्थाम्याविषयी अर्धसत्य बोलल्यावर धर्मराजाचा जमिनीपासून अधांतरी चालणारा रथ जमिनीस टेकला, असे महाभारतकार सांगतात. युद्ध तो जिंकला. रथ मात्र पुन्हा पूर्वीसारखा चालला नाही.

अशिलास सत्याचा उपदेश करून कंपनीस मोकळे सोडणे हा मात्र अन्याय होईल. विमाकराराचे तत्त्व 'परम सद्भाव' हे आहे, असे कायदा सांगतो. आपल्याकडे १९६३ च्या सागरी विमा अधिनियमात ते शब्दबद्ध झाले आहे. या तत्त्वाचा उगम लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी १७६६ साली निर्णय दिलेल्या 'कार्टर विरुद्ध बोहम' या खटल्यात सांगतात. सुमात्रा बेटावरील फोर्ट मार्लबरो या किल्ल्याचा, तो परकीय शत्रूच्या हाती जाण्याच्या धोक्याविरुद्ध, तेथील गव्हर्नराने विमा उतरवला होता. किल्ला फ्रेंचांनी घेतला, आणि किल्ल्याची दुर्बलता आम्हांस सांगितली नव्हती, अशी तक्रार विमा देणाऱ्याने केली. दोन्ही पक्षांनी पूर्ण सचोटीने वागले पाहिजे, हे तत्त्व मॅन्सफील्ड यांनी मांडले. ते कंपन्यांचे वकील नेहमी उद्धृत करतात. परंतु त्या खटल्यात जिंकला कोण, हे ते सांगत नाहीत. जिंकला तो विमा उतरवणारा. कारण जे विमा देणाऱ्यास ठाऊक होते किंवा सहज कळू शकत होते, त्याचे निमित्त करून त्याला वचन मोडता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. परम सद्भाव हे दुधारी शस्त्र आहे. ज्या एजंटाने परक्या भाषेतील प्रस्ताव घरमालकास न वाचून दाखवता सही घेतली, त्याच्या कंपनीने पुढे 'ही माहिती लपवली' असे म्हणावे, हे त्या तत्त्वाच्या मूळ निर्णयाशीच विसंगत आहे.

मग सत्यवादी मनुष्याने काय करावे? आमच्या मते उत्तर वादळानंतर सापडत नाही. ते वादळापूर्वीच तयार ठेवावे लागते. अमेरिकेत २९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना हे चक्रीवादळ मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर धडकले. त्या देशात घराच्या सामान्य विमापत्रात वाऱ्याची हानी येते, पण पुराची येत नाही. पुरासाठी १९६८ पासून एक निराळी राष्ट्रीय योजना आहे, आणि तिचे संरक्षण बहुधा तीस दिवसांनी सुरू होते, म्हणून वादळ दिसू लागल्यावर धावून उपयोग नसतो. तेथे राहणाऱ्या आपल्या आप्तांनी हे ध्यानात ठेवावे. कतरिनानंतर किनाऱ्यावरील कित्येक घरांचा केवळ चौथरा उरला होता, आणि वर्षानुवर्षे न्यायालयांत एकच वाद चालला: घर वाऱ्याने नेले की पाण्याने? घरमालक खरे बोलत असेल, कंपनीही खरे बोलत असेल; पण साक्ष देण्यास भिंतच उरली नव्हती. सत्याला पुरावा नसला म्हणजे ते असत्याच्या शेजारी बसते आणि दोघांचा चेहरा सारखाच दिसतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की, वादळाची तयारी ही केवळ छपराची तयारी नसते. ती आपल्या सत्याचीही तयारी असते. वर्षातून एकदा घराच्या प्रत्येक भिंतीचे, छपराचे आतून-बाहेरून छायाचित्र काढून ठेवावे. आज प्रत्येकाच्या खिशात ते यंत्र आहे. जुनी भेग असेल तर तिचेही काढावे, लपवू नये. मौल्यवान सामानाची यादी व पावत्या, विमापत्र, घरपट्टीची पावती आणि खरेदीखत यांच्या प्रती दूरच्या नातलगाकडे एक संच म्हणून द्याव्यात. घरावर झुकलेल्या फांद्या तोडाव्यात, सैल पत्रे आवळून घ्यावीत, फुटके कवेलू बदलावेत. वादळ गेल्यावर प्रथम तुटलेल्या तारांपासून मुलाबाळांस दूर ठेवावे. मग काही हलवण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत, कंपनीस विनाविलंब लेखी कळवावे, आणि उघडे पडलेले घर ताडपत्रीने झाकून त्याची पावती जपावी. पुढील हानी थांबवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. मोडलेले सामान मात्र सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत टाकू नये. ज्याच्याजवळ कालच्या भिंतीचे चित्र आहे त्याला तेरा सांगावे लागत नाहीत. तो दहा सांगतो आणि दहा दाखवतो. तरीही सात मिळाले तर तो विमा लोकपालाकडे दाद मागू शकतो. आमच्या भागासाठी ते कार्यालय भोपाळास आहे. तेथे शुल्क पडत नाही आणि वकिलासही प्रवेश नाही. आमच्या व्यवसायास ही गोष्ट सोयीची नसली तरी सामान्य माणसास आहे, हे आम्ही आनंदाने सांगतो.

या तत्त्वाची खरी कसोटी देवाच्या घरी लागते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आले आणि पिढ्यांनी वाढवलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या व घरांची छपरे एका दिवसात झोपली. पुढल्याच वर्षी, १६ मे २०२१ रोजी, 'तौक्ते' गोमंतकाच्या किनाऱ्याजवळून गेले आणि ठिकठिकाणी झाडे व विजेचे खांब पडले. अशा वेळी देवळाच्या कौलांचे काय? देवस्थानच्या पंचांना विम्याविषयी विचारले तर 'देवाच्या घराला कसला विमा?' असे उत्तर पुष्कळदा मिळते. या उत्तरात भक्ती आहे, पण विचार अपुरा आहे. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने 'प्रमथनाथ मल्लिक विरुद्ध प्रद्युम्नकुमार मल्लिक' या खटल्यात हिंदू देवमूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, हे तत्त्व स्पष्टपणे मांडले. देव स्वतः मालक. पंच, महाजन वा विश्वस्त हे त्याचे कारभारी. मध्यप्रदेशात १९५१ चा सार्वजनिक न्यास अधिनियम असो, महाराष्ट्रात १९५० चा असो, की गोमंतकात १९३३ ची महाजनीची नियमावली असो, कारभाऱ्याचे कर्तव्य एकच: शहाणा मनुष्य स्वतःच्या मालमत्तेची घेतो तितकी काळजी दुसऱ्याच्या मालमत्तेची घेणे. स्वतःच्या दुकानाचा विमा उतरवणारा पंच देवळाचा विमा 'देव समर्थ आहे' म्हणून टाळतो, तेव्हा तो देवाची नव्हे, आपल्या निष्काळजीपणाची पूजा करतो. देवस्थानाच्या दागिन्यांची, कौलांची, जुन्या लाकडी खांबांची छायाचित्रांसह नोंद असेल तर दुसराही एक लाभ होतो: कारभाराचा हिशेब भक्तांपुढे उघडा राहतो. तेथेही तयारी ही सत्याचीच तयारी ठरते.

एक आक्षेप मात्र आम्हांस मान्य केला पाहिजे. ज्याच्याजवळ विमापत्र नाही त्याचे काय? गावात असे शेजारी अधिकच असतात. मध्यप्रदेशात राजस्व पुस्तक परिपत्रकाच्या ६-४ या प्रकरणाखाली घराच्या हानीस शासकीय साहाय्य मिळते, आणि त्यासाठी पटवाऱ्याचा पंचनामा लागतो. हे साहाय्य म्हणजे मदत. विम्याची रक्कम म्हणजे हक्क. मदत मागताना मान थोडी खाली जाते, हक्क मागताना जात नाही. शक्य त्याने विमा उतरवावा याचे हेही एक कारण आहे. पण ज्याचा दावा लेखी आहे त्याने ज्याचा नाही त्यास विसरू नये. छायाचित्र घेताना शेजाऱ्याच्या घराचेही एक घ्यावे. पंचनाम्याच्या वेळी त्याच्या बाजूने खरे सांगावयास उभे राहावे. विमा पैसा देतो, शिडी धरीत नाही. पावसात ताडपत्रीचे दुसरे टोक धरावयास माणूसच लागतो, आणि तो बहुधा शेजारीच असतो.

देवस्थानांच्या मंडळांस आमची एक सूचना आहे. आमच्यासारख्या गारपिटीच्या प्रदेशात मकरसंक्रांतीस, आणि कोकण-गोमंतकात वादळांच्या हंगामापूर्वी येणाऱ्या हनुमान जयंतीस, प्रत्येक घराने व प्रत्येक देवळाने आपले छप्पर आणि आपले कागद एकदा पाहून घ्यावेत. वर्षातला एक दिवस पुरे. वाऱ्यावर आपली सत्ता नाही. तो यावयाचा तेव्हा येईल आणि न्यावयाचे ते नेईल. पण तो गेल्यावर जे उरते त्याविषयी खरे बोलता यावे, एवढी व्यवस्था आपल्या हाती आहे. ती करून ठेवली म्हणजे 'हे देवाचे कृत्य' असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला मिळतो, आणि ते म्हणताना कोणापुढेही, देवापुढेसुद्धा, खाली पाहावे लागत नाही.